काठावरची शीग

लातूरच्या जुन्या वखारीत पूर्वी तुरीची पोती असत. आता तिथे गेलेली माणसं ठेवतात, असं गावातले लोक म्हणत, आणि त्यात फारसं चुकीचं काही नव्हतं.

सकाळी दार उघडायच्या आधीच बाहेरच्या ओट्यावर रांग लागे. दळणाचे डबे घेऊन गिरणीत बसावं, तशी माणसं मांडीवर घरपेट्या घेऊन बसलेली असत. पेटी जेवणाच्या डब्याएवढी, करड्या रंगाची. कुणी ती उपरण्यात गुंडाळून आणी, कुणी किराण्याच्या पिशवीतून. आज रांगेतल्या पहिल्या बाईने पेटीला हळदकुंकू वाहिलं होतं आणि ते झाकणाच्या फटीत गेलं होतं. राजेश्वरी बिडवेने मऊ ब्रशने ते काढलं, पेटीला तार जोडली आणि विचारलं, "कोण?"

"सासरे," बाई म्हणाली.

"पडद्यावर नाव बघा. बरोबर आहे? मग इथे अंगठा."

बाईने अंगठा टेकवला आणि हळूच विचारलं, "त्यांना दुखायचं नाही ना?"

हा प्रश्न रोज कुणीतरी विचारी. महिन्यापूर्वीपर्यंत राजेश्वरी थोडं हसून उत्तर द्यायची. आता नुसतं उत्तर द्यायची. "नाही दुखत."

घरपेट्या घराघरात येऊन वीसेक वर्षं झाली होती. दिवे, मोटर, औषधांची आठवण यासाठी लोकांनी त्या बसवल्या आणि मग विसरून गेले. पेट्या विसरल्या नाहीत. घरातल्या प्रत्येकाचं बोलणं, खोकणं, पायरव, दार लावायची तऱ्हा, सगळं त्या ज्याच्या त्याच्या नावाने वेगळं साठवत राहिल्या. पुढे स्मृति-काच निघाली. तळहाताएवढ्या पातळ काचेत प्रकाशाच्या ठिपक्यांनी माणसाची सगळी साठवण कोरता येऊ लागली. ही काच घरी नेऊन वाचनयंत्रावर ठेवायची आणि बोलायचं. काच त्या माणसाच्या आवाजात, त्याच्या रीतीने उत्तर देई. पेट्या बनवणारी कंपनी बंद पडली, जुन्या पेट्या एकेक करून मरू लागल्या, तेव्हा ठिकठिकाणी अशा स्मृतिवखारी उभ्या राहिल्या. पेटीतून काचेत, एवढंच इथलं काम. त्याला सगळे ओतणी म्हणत. ओतून झालेल्या पेट्या मागच्या शेडमध्ये जमा होत आणि ट्रक येऊन त्या मोडीत घेऊन जाई.

राजेश्वरीच्या टेबलाखालच्या खणात एक पेटी होती. तिच्यावर नाव होतं: महानंदा बिडवे, मुरूड. कामावर परत रुजू झाली त्या दिवशी ती ही पेटी सोबत घेऊन आली होती. आज ओतू, उद्या ओतू असं करत ती रोज दुसऱ्यांच्या पेट्या ओतत होती.

आई गेल्यापासून तिला काही होत नव्हतं. रडू आलं नव्हतं. भूक लागत नव्हती, पण जेवण जात होतं. भेटायला आलेल्या बायका तिच्याकडे पाहून आपसात म्हणाल्या होत्या, पोरगी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हतं. दाढ बधिर केल्यावर तिथे जीभ लावून पाहावी, तसं तिचं चाललं होतं. जागा कळत होती, दुखत नव्हतं.

सासऱ्यांची काच तयार झाली. बाई ती पदरात घेऊन गेली. पुढचा माणूस पेटी न घेताच आला होता. त्याच्या हातात खणाच्या कापडात गुंडाळलेली काच होती. पांढऱ्या मिशा, खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं. औशाचे अंकुशराव गरड. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊनही खाकी सुटली नव्हती. पंधरवड्यापूर्वी त्यांच्या बायकोची ओतणी राजेश्वरीनेच केली होती.

"मॅडम, ही बदलून द्या."

"काय झालं काका? तडा गेला?"

"तडा न्हाई. बोलालीय."

"मग?"

"लय बोलालीय."

रांगेत कुणीतरी हसलं. गरडांनी मागे वळून पाहिलं, तसा तो माणूस गप्प झाला.

"तसं नव्हं," ते म्हणाले. "बोलायची ती. पण आमची कौसा, बगा, काय बी विचारलं की आधी गप बसायची. चहा टाकू का म्हटलं तरी असा विचार करायची, जसं काय मी शेत विकू का म्हणून विचारलंय. आता माझं बोलणं संपत न्हाई तोवर उत्तर हजर. टरकन तिकीट फाडल्यासारखं."

"आवाज त्यांचाच आहे ना?"

"आवाज तिचाच. शब्द बी तिचेच. पण ती न्हाई." त्यांनी काच टेबलावर ठेवली, कापडासकट. "काल मी मुद्दाम भांडण काढलं. तिच्या माहेरच्यांवरून. हा आपला हमखास उपाय, कधी वाया गेला न्हाई. दोन-दोन दिवस अबोला धरायची. समोर बसून पोरांकडून निरोप. 'तुमच्या बापाला सांगा, ताट वाढलंय.' काल म्हटलं, आता धरील. तर हसली की ओ! म्हणती, 'जाऊ द्या, तुमचं आपलं कायतरीच.'"

आता रांगेत कुणी हसलं नाही.

"तिला अबोलाच धरता येईना, मॅडम. मी आपला वाट बघत बसलो, आता गप बसंल, मग गप बसंल."

राजेश्वरीने त्या ओतणीची नोंद पडद्यावर काढली. सगळं नियमाप्रमाणे होतं. पेटीतला ऐवज, काचेची क्षमता, सपाटणी पूर्ण. तिने अशा शेकडो नोंदी पाहिल्या होत्या.

"काका, काच कमी पडते," ती म्हणाली. "म्हणून थोडं कापावं लागतं."

"कमी कशी पडती? पेटीवर शंभर लिहिलेलं मी बघितलंय. काचेवर बी शंभरच. मी आयुष्यभर सीटा मोजल्यात, मला शंभर कळतंय."

"दोन्ही शंभरच. पण मोजायची रीत वेगळी आहे." तिने पुढ्यातल्या कागदावर रेघा ओढल्या. "पेटी दुपटीने मोजते. दोन, चार, आठ, सोळा. अशा दहा दुपटी केल्या की एक हजार चोवीस होतात. पेटीवाले त्यालाच हजार धरतात. त्यांचा किलोबाइट हजार चोवीस बाइटांचा. काचवाल्यांचा हजार म्हणजे बरोबर हजार."

"चोवीसनं काय होतंय?"

"पहिल्या पायरीवर काहीच होत नाही. चिमूटभर फरक. पण पेटीच्या असल्या हजार चोवीस किलोबाइटांचा तिचा एक मेगाबाइट. तशा हजार चोवीसांचा गिगाबाइट. तशांचा टेराबाइट. दर पायरीला चिमटीवर चिमूट चढत जाते. चौथ्या पायरीवर पोचेपर्यंत शंभराचे जवळजवळ एकशेदहा झालेले असतात. काचा मागवताना वरच्या कुणीतरी पहिल्या पायरीचा फरक पाहिला आणि चालतंय म्हटलं. मुळात पेटीत सगळं दाबूनच भरलेलं असतं, आणखी दाबता येत नाही. माणशी काच एकच मिळते. मग वरचे दहा काढायचे."

गरड कागदाकडे बघत राहिले. राजेश्वरीला वाटलं, त्यांना समजलेलं नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि हाताची ओंजळ केली.

"आमचं मुरूडला भुसाराचं दुकान होतं. आई शेराने ज्वारी मोजायची. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, तीही दुपटीचीच मापं. पण ती शेर सपाट कधी भरायची नाही. काठाच्या वर, जेवढी उभी राहील तेवढी…" तिचा हात हवेत थांबला. "शीग. तुमच्या पेटीत शिगेचं माप होतं. आम्ही काठाला फळी फिरवून ते सपाट केलं."

हा शब्द तिने कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता.

"आणि शिगेत काय होतं?" गरडांनी विचारलं.

उत्तर तिला पाठ होतं. सपाटणी जिथे काही घडत नाही, तिथून कापायला लागते. झोप, शांतता, तेच तेच पुन्हा म्हटलेलं, प्रश्न आणि उत्तर यांच्यातली मोकळी जागा. यंत्राच्या हिशेबी त्यात माहिती नसते.

"त्यांचं गप्प बसणं," ती म्हणाली.

कौसाबाईंची पेटी अजून शेडमध्ये होती. ट्रक आज संध्याकाळी येणार होता. राजेश्वरीने शेडमध्ये निरोप पाठवून पेटी बाजूला काढायला सांगितली आणि गरडांना म्हणाली, "जेवण करून या. काय करता येतं ते बघते." काय करता येईल हे तिला माहीत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं झालं. तिने डबा उघडला नाही. टेबलाखालचा खण उघडला आणि आईच्या पेटीला तार जोडली.

आधी तिने सपाटणीची कच्ची प्रत काढली. कच्ची प्रत म्हणजे ओतण्याआधी ऐकून पाहण्यासाठी केलेली, तासाभरात आपोआप पुसली जाणारी. तिने ती वाचनयंत्रावर लावली. काय विचारायचं हे ठरवावं लागलं नाही. तिच्याजवळ एकच प्रश्न होता, आणि तो एकदा विचारून झालेला होता.

वडील गेले त्या वर्षी ती बंगळूरला होती. चार दिवस मुरूडला आली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत आई ज्वारी मोजत बसली होती, तेव्हा तिने विचारलं होतं आणि आई म्हणाली होती, नको. त्या नकोनंतर ती परत गेली. पुढे लातूरच्या वखारीत जागा निघाली तेव्हा ती इथे आली, पण मुरूडला घरी राहायला गेली नाही. तासाभराच्या अंतरावर भाड्याच्या खोलीत राहिली. महिन्यातून एखाद्या रविवारी जायची, जेवून परत यायची. दोघींपैकी कुणी तो विषय पुन्हा काढला नाही.

"आई," ती यंत्राला म्हणाली, "मी परत येऊ का राहायला?"

"नको. तिथं बरी आहेस तू."

लगेच. स्वच्छ. आईचाच आवाज, किंचित वरच्या पट्टीत, गिऱ्हाइकाला भाव सांगताना असायचा तसा.

राजेश्वरीने मान हलवली. असंच होतं. तिला जसं आठवत होतं, हुबेहूब तसंच.

म्हणजे सपाटणीने इथे काही बिघडवलं नव्हतं. ती कच्ची प्रत बंद करणार होती. पण गरडांचा प्रश्न डोक्यात राहिला होता. तिने पेटीतली मूळ साठवण उघडली, वडील गेले ते वर्ष काढलं, ती संध्याकाळ शोधली आणि कानाला यंत्र लावलं.

आधी पंखा ऐकू आला. त्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं, ते ती विसरली होती. मग शेर ज्वारीत खुपसल्याचा आवाज. वर तळहाताने शीग रचल्याची घासघास. पोत्यात दाणे पडल्याचा सळसळाट. आणि आईचा आवाज, पुटपुटल्यासारखा.

"लाभ."

धान्य मोजताना पहिल्या मापाला आई एक म्हणत नसे. लाभ म्हणायची, मग दोन.

"दोन."

शेर, शीग, सळसळाट.

"तीन."

मग तिचा स्वतःचा आवाज. तरुण, घाईचा. "आई, मी परत येऊ का राहायला? सोडते नोकरी."

शेर ज्वारीत गेला. "चार."

सळसळाट. पंखा. बाहेर एक मोटारसायकल गेली. शेर पुन्हा ज्वारीत गेला, या वेळी सावकाश. शीग रचायला फार वेळ लागला.

"चार," आई म्हणाली.

राजेश्वरी खुर्चीत पुढे सरकली. आईची मोजणी चुकत नसे. बाजाराच्या दिवशी चार गिऱ्हाइकं एकदम बोलत असली तरी चुकत नसे.

सळसळाट. पंखा. शेर उचलल्याचा आवाज आलाच नाही. मूठभर ज्वारी उचलून सोडल्याचा आवाज आला. पुन्हा उचलून सोडली. पुन्हा. दाणे दाण्यांवर पडत राहिले.

शेर.

"चार."

मग बराच वेळ फक्त ते वाकडं पातं.

"आई?" तिचाच आवाज. त्यात वैताग होता. आता ऐकताना तो स्पष्ट कळत होता.

"नको." आवाज अगदी खालून आला होता. "तिथं बरी आहेस तू."

खुर्ची सरकली. पावलं आत गेली, तिची स्वतःची. तिला आठवलं, ती बॅग भरायला आत गेली होती. यापुढचं तिने कधी ऐकलेलंच नव्हतं. मागच्या खोलीत पोतं उलटं केल्याचा आवाज आला. मोजलेली सगळी ज्वारी परत ढिगावर ओतली गेली. मग काही वेळ काही नाही. मग शेर.

"लाभ," आई म्हणाली, आणि तो शब्द पुरता उमटला नाही.

राजेश्वरीने यंत्र कानावरून काढलं. म्हणजे इतकी वर्षं तिला नुसता नको आठवत होता, त्याच्या आधीचा सगळा वेळ तिनेच कापून टाकला होता. फळी फिरवायला यंत्राची गरज पडली नव्हती. बधिर जागेत कुठेतरी खोलवर बारीकसा ठणका सुरू झाला. तिने टेबलाची कड धरली आणि तो जातो का हे पाहिलं. तो गेला नाही.

वखारीच्या प्रमुख नसरीन तांबोळी त्यांच्या खोलीत चहात पाव बुडवून खात होत्या. राजेश्वरी दारातच उभी राहिली.

"मॅडम, दुरुस्तीची जागा मोकळी केली तर सगळं बसतं."

तांबोळींनी वर पाहिलं. "बस आधी. कुणाचं?"

"गरडांच्या मिसेसचं. आणि माझ्या आईचं."

प्रत्येक काचेत शंभर टेराबाइटांखेरीज आणखी बारा राखून ठेवलेले असत. त्यात माणूस नसे. त्यात असे दुरुस्ती-संकेत, म्हणजे साठवणीचा मेळ घालणारी गणितं. काचेवर ओरखडा गेला, काही ठिपके पुसले गेले, तर या गणितांवरून यंत्र ते ठिपके पुन्हा जसेच्या तसे भरून काढी. त्यांच्या जोरावरच काच दहा हजार वर्षं टिकेल असं सांगितलं जाई.

"बसेल," तांबोळी म्हणाल्या. "शंभर आणि बारा एकशेबारा, आणि तुला हवेत एकशेदहा. हिशेब चुकत नाही तुझा. पण मग काच उघडी पडली. बसमध्ये धक्का लागला, उन्हात तापली, की गेलं ते गेलं. वाईट म्हणजे, काय गेलं हे काचेलाही कळणार नाही. आज एक शब्द, पुढच्या वर्षी एक सकाळ. किती वर्षं टिकेल कोण सांगणार? पन्नास? दहा? तुझी आई पुन्हा एकदा जाईल, राजेश्वरी. या वेळी थोडी थोडी. तुला बघवेल?"

"सपाट केलेली आहे ती आईच नाही."

तांबोळींनी कप बाजूला केला. खिडकीतून शेडकडे पाहिलं.

"माझ्या अब्बांची काच घरी आहे. पहिल्या खेपेतली," त्या म्हणाल्या. "दोनदा लावली मी. मग कपाटात ठेवून दिली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मुलगी म्हणून मीच कोरडी आहे."

"त्यांची पेटी?"

"कधीच मोडीत गेली." त्यांनी पडदा पुढे ओढला. "सपाट करायची की नाही हे वारसाच्या मर्जीवर, अशी नियमात एक ओळ आहे. आपण आजवर कुणाला विचारलं नाही. विचारत बसलं तर रांग हलत नाही. आजपासून विचारू. ट्रकला मी सांगते, रिकामा जा म्हणून. शिव्या घालेल, घालू दे."

गरड जेवून आले ते दारातच उभे राहिले. राजेश्वरीने त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या, काही न लपवता.

"दहा हजार वर्षं?" ते म्हणाले. "मी काय तिथवर थांबणार हाय व्हय? मला पुरली म्हणजे झालं." मग ते थांबले. "पण नातवाला राहायची न्हाई, असंच ना? त्याच्या हातात येईस्तोवर अर्धी झालेली असंल."

"असू शकेल."

गरडांनी मिशीवरून हात फिरवला. राजेश्वरीने त्यांना घाई केली नाही. मागच्या रांगेनेही केली नाही.

"द्या," शेवटी ते म्हणाले. "शिगेचीच द्या. अर्धी का असंना, ती तरी असंल."

ओतणीला वेळ लागला. नवी काच बाहेर आली तेव्हा ती दिसायला जुनीसारखीच होती. राजेश्वरीने ती टेबलावरच्या वाचनयंत्रावर ठेवली. गरड खाली वाकले, घसा साफ केला आणि म्हणाले, "कौसे, तुझ्या भावानं लग्नात मला दिलेलं घड्याळ पहिल्यापासूनच बंद होतं."

यंत्र गप्प.

"ऐकू आलं का?"

यंत्र गप्प. त्यावरचा हिरवा दिवा मात्र लागलेला होता. रांगेतली माणसं आपापल्या पेट्या धरून पुढे झुकली होती. तांबोळी दारात येऊन उभ्या होत्या. कुणीही हलत नव्हतं. गरड हळूहळू सरळ झाले आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की राजेश्वरीला दुसरीकडे पाहावं लागलं.

"धरला," ते म्हणाले. "बगा, धरला अबोला!"

"आता कधी बोलतील?" रांगेतल्या कुणीतरी विचारलं.

"परवा," गरड अभिमानाने म्हणाले आणि काच कापडात गुंडाळू लागले.

दुपारभर राजेश्वरी प्रत्येकाला विचारत राहिली. काहींनी सपाट काच मागितली. एका मुलाला वडिलांचं गप्प बसणं अजिबात नको होतं आणि त्याने तसं स्पष्ट सांगितलं. तिने त्यालाही काही समजावलं नाही. रांग खरोखरच फार हळू सरकली.

सगळे गेल्यावर तिने आईची पेटी लावली. पडद्यावर प्रश्न आला: दुरुस्तीची जागा मोकळी करावी? तिने हो म्हटलं. अंगठा टेकवला. काच काठोकाठ भरत गेली, आणि शेवटचा हिस्सा भरताना यंत्राने जो इशारा दिला तोही तिने वाचून बंद केला.

बसमध्ये ती काच मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली. मुरूडच्या बसमध्ये. लातूरच्या खोलीकडे वळायचं असं तिने सकाळी ठरवलं असेल, पण पाय स्टँडकडे गेले होते. रस्त्यात खड्डे होते. प्रत्येक धक्क्याला तिचे हात वर उचलले जात. तिला आठवलं, आई भरलेला शेर ढिगावरून दारापर्यंत नेताना अशीच चालायची, दुसरा तळहात शिगेभोवती धरून, श्वास आवरून. तरी दोन-चार दाणे वाटेत पडतच. ते ती कधी वेचायची नाही. सपाट का भरत नाहीस, असं लहानपणी विचारलं तेव्हा म्हणाली होती, "सांडलं तरी पोचतं तेवढं भरावं, राजी."

घराचं कुलूप जड झालं होतं. मागच्या खोलीत ढीग नव्हता, पोती नव्हती. जमिनीला फक्त धान्याचा वास राहिला होता. तिने पंखा लावला. वाकडं पातं फिरू लागलं. पिशवीतून आणलेलं वाचनयंत्र जमिनीवर ठेवून त्यावर काच ठेवली आणि पूर्वी जिथे खुर्ची असायची तिथे बसली. हिरवा दिवा लागला.

"आई," ती म्हणाली. मग यंत्राच्या जवळ सरकली. "आई, मी परत येऊ का राहायला?"

उत्तर आलं नाही.

तिने वाट पाहिली. या वेळी तिच्या आवाजात वैताग येणार नव्हता, एवढं तिला माहीत होतं. पंखा फिरत राहिला. बाहेरून एक मोटारसायकल आली आणि गेली. बधिर जागेतला तो ठणका आता चांगलाच वर आला होता आणि तिने त्याला येऊ दिलं. काच गप्पच होती.

आई मनातल्या मनात मोजत असेल का, चारवर अडकून? की रस्त्यातल्या एखाद्या धक्क्याला तेवढाच एक दाणा सांडला असेल?